जुन्या गाडीचं स्टिअरिंग जड झालंय? पंप बदलण्याआधी हे तपासा

स्टिअरिंग जड लागायला लागलं की बहुतेकांच्या तोंडी पहिलं नाव येतं ते स्टिअरिंगचं तेल दाबाने ढकलणाऱ्या पंपाचं. पंप बदलून फरक पडला नाही, की पाळी येते रॅकची, म्हणजे स्टिअरिंगचं फिरणं चाकांना डावी-उजवीकडे ढकलण्यात बदलणाऱ्या दातेरी दांड्याची. दोन्ही भाग महाग, दोन्ही काढायला वेळखाऊ. आणि पुष्कळदा दोन्ही चांगले असतात. खरा दोष हवा कमी असलेल्या टायरमध्ये, गंजलेल्या एखाद्या सांध्यात नाहीतर सैल झालेल्या पट्ट्यात निघतो.

पॉवर स्टिअरिंग चाकं वळवत नाही, ते फक्त आपल्या हाताला जोर पुरवतं. स्टिअरिंग व्हीलपासून चाकांपर्यंतची यांत्रिक जोडणी जुन्या, साध्या गाडीत असते तशीच इथेही असते. म्हणून जडपणाची दोन अगदी वेगळी कारणं संभवतात: जोर कमी मिळतोय, किंवा जोर पुरेसा मिळतोय पण काहीतरी अडकतंय. हे दोन प्रश्न आधी वेगळे केले की निम्मं निदान तिथेच होतं. पुढचा सगळा क्रम त्यासाठीच आहे.

आधी गाडी चालवायची की नाही ते ठरवा

स्टिअरिंग नुसतं जड असेल तर गाडी वळते, पण कमी वेगात आणि पार्किंगमध्ये चांगलीच ताकद लागते. काही लक्षणं मात्र दिसली की गाडी जागेवरच ठेवावी: स्टिअरिंग ठरावीक जागी अडकून मग झटक्याने सुटणं, स्वतःहून एका बाजूला ओढ घेणं, अचानक बराच मोकळा प्ले येणं (व्हील फिरतं पण चाकं वळत नाहीत), किंवा बोनेटखाली तेलाचा फवारा उडालेला दिसणं. हे तेल पेट घेणारं असतं आणि तापलेल्या एक्झॉस्टवर पडलं तर आग लागू शकते. स्टिअरिंगच्या तेलाची टाकी रिकामी झालेली असताना इंजिन चालू ठेवणंही टाळा. पंपाला वंगण त्याच तेलाचं मिळतं. कोरडा फिरला की तो फार लवकर खराब होतो.

तुमच्या गाडीत कोणती व्यवस्था आहे?

बोनेट उघडा. स्टिअरिंगच्या खुणेचं झाकण असलेली लहान टाकी आणि इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा पंप दिसला, तर ती हायड्रॉलिक व्यवस्था. १९५१ साली क्रायस्लर इम्पीरियलमधून ती प्रवासी मोटारींच्या बाजारात आली आणि पुढे कित्येक दशकं तिचंच राज्य होतं. टाकी आहे पण पंपावर पट्टा नाही, जाड विजेच्या तारा गेल्या आहेत, तर पंप विजेच्या मोटरवर चालतो. टाकीही नाही आणि पंपही नाही, तर मोटर स्टिअरिंग कॉलमवर (व्हीलपासून खाली जाणाऱ्या दांड्यावर) किंवा थेट रॅकवर बसवलेली आहे. अशी विजेवरची व्यवस्था १९८८ च्या सुझुकी सर्व्होपासून सुरू झाली, त्यामुळे आज 'जुन्या' म्हणवणाऱ्या कितीतरी गाड्यांत ती सापडते. तिच्याबद्दल शेवटी स्वतंत्र लिहिलंय, पण टायर आणि सांध्यांची तपासणी तिन्ही प्रकारांना सारखीच लागू आहे.

तक्रार नेमकी मांडा

'स्टिअरिंग खराब आहे' एवढ्यावर काहीच कळत नाही. गाडी रिकाम्या जागेत न्या आणि निरीक्षणं कागदावर लिहा. थंड इंजिनवर जास्त जड आहे की गरम झाल्यावर? दोन्ही बाजूंना सारखं की एकाच बाजूला? इंजिन आयडलवर असताना जड आणि जरा रेस दिली की हलकं होतं का? वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप मधे येतं का? आवाज कोणता: बारीक घूं-घूं, कर्कश किंचाळी, की खालून ठक्-ठक्?

यातलं एक उत्तर फार मोलाचं आहे. पंपाला डावं-उजवं कळत नाही. तो दोन्ही बाजूंना एकाच दाबाचं तेल देतो. तेव्हा एकीकडे हलकं आणि दुसरीकडे जड अशी तक्रार असेल, तर पंपावर संशय घेण्याचं कारण उरत नाही. रॅक, त्याचा व्हॉल्व्ह (तेल डावीकडे की उजवीकडे सोडायचं ते ठरवणारा) किंवा चाकांकडचे सांधे पाहायचे. उलट आयडलवर जड आणि रेस दिल्यावर हलकं, असं असेल तर तेलाचा प्रवाह कमी पडतोय. मग पट्टा, तेल येण्याची वाट आणि पंप, या क्रमाने पुढे जायचं.

टायरपासून सुरुवात

पुढच्या दोन्ही टायरमधली हवा थंड असताना मोजा. दाराच्या चौकटीवर किंवा मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्याशी जुळवा. टायरच्या अंगावर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो धरू नका. हवा कमी असली की टायरचा जमिनीला टेकणारा भाग वाढतो आणि जागेवर स्टिअरिंग फिरवणं लगेच जड होतं. मूळ मापापेक्षा रुंद टायर बसवले असतील तरी तेच.

गाडी एका बाजूला ओढत असेल तर पुढचे टायर डावीकडून उजवीकडे अदलाबदल करून पाहा. ओढ बाजू बदलते, म्हणजे दोष टायरचा. मात्र एकाच दिशेने फिरण्यासाठी बनवलेले, बाजूवर बाण असलेले टायर असतील तर ही अदलाबदल फक्त तपासण्यापुरती, हळू चालवून, आणि लगेच पूर्ववत करायची.

सगळ्यात महत्त्वाची चाचणी: चाकं उचलून, इंजिन बंद

गाडी सपाट, कडक जमिनीवर लावा. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा. पुढची बाजू जॅकने उचलून मजबूत स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात किंवा डोकं घालू नका, क्षणभरासाठीही नाही.

आता इंजिन बंद ठेवून, किल्ली फक्त स्टिअरिंग लॉक सुटेल इतकीच फिरवून, स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. चाकं हवेत असल्यामुळे जमिनीचं घर्षण नाही आणि इंजिन बंद असल्यामुळे मदतही नाही. हाताला जे लागतंय ते निव्वळ यांत्रिक घर्षण आणि रॅकमधलं तेल इकडून तिकडे सरकण्याचा थोडासा विरोध. फिरणं एकसारखं, मऊ आणि कुठेही न अडखळणारं असायला हवं.

तसं असेल तर यांत्रिक बाजू ठीक आहे, दोष जोर पुरवणाऱ्या व्यवस्थेत शोधायचा. जड लागलं, खरखरलं किंवा कुठे अडकलं, तर पंपाला हात लावू नका. अडथळा कुठे आहे ते शोधा.

अडथळा हुडकण्याची पद्धत सोपी आहे, थोडी मेहनतीची. दोन्ही बाजूंचे टाय रॉड एंड (रॅकला चाकाशी जोडणाऱ्या दांड्यांच्या टोकाचे सांधे) चाकाकडच्या नकलपासून (चाक ज्यावर बसतं त्या वळणाऱ्या भागापासून) सोडवा. आता रॅक आणि चाकं वेगळी झाली. प्रत्येक चाक हाताने डावी-उजवीकडे वळवा. ते जड असेल तर खालचा बॉल जॉइंट किंवा शॉक अॅब्सॉर्बरच्या वरचं बेअरिंग अडकलंय. हे वरचं बेअरिंग गेलं की चालत्या गाडीतही खूण मिळते: जागेवर स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंग पीळ घेते आणि 'टंग' असा आवाज करून सुटते. वळणानंतर स्टिअरिंग मधे न येण्याचंही हे एक नेहमीचं कारण आहे.

चाकं मोकळी पण स्टिअरिंग अजून जड, तर दोष रॅकमध्ये किंवा कॉलममध्ये. कॉलमच्या खालच्या टोकाला लहान युनिव्हर्सल जॉइंट असतो. पाणी-चिखल उडत राहून तो गंजतो. त्याची ओळख अशी की एका फेऱ्यात दोनदा जड आणि दोनदा हलकं लागतं. हा सांधा तपासायला खूप कमी लोक खाली वाकतात, म्हणून मुद्दाम सांगतो: भेदक तेल मारून, चारी बाजूंना हलवून पाहा. त्यानेच मोकळं वाटायला लागलं तर दोष सापडला, मग सांधा बदलून टाका. कॉलम रॅकपासून सोडवायची वेळ आली तर आधी स्टिअरिंग व्हील सरळ ठेवून बांधून घ्या. एअरबॅगच्या गाड्यांत व्हीलमागे गुंडाळलेली नाजूक पट्टी असते. व्हील मोकळं गरगर फिरलं तर ती तुटते.

जोडताना टाय रॉडचे लॉक नट आणि स्प्लिट पिन नवे वापरा, आणि मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच आवळा.

मोकळा प्ले असेल तर

ही तपासणी चाकं जमिनीवर असताना करायची. एकाने स्टिअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवत राहायचं, दुसऱ्याने खालून एकेक सांधा पाहायचा आणि बोटांनी चाचपायचा. टाय रॉड एंड, रबर बूटच्या आतला बॉल जॉइंट, रॅक धरून ठेवणारी रबर बुश, कॉलमचा सांधा. एक बाजू हलतेय पण पलीकडची उशिरा हलते, तिथे झीज आहे. रॅकच अंगासकट सरकत असेल तर बुश गेल्या आहेत. त्या बदलणं रॅक बदलण्यापेक्षा कितीतरी सोपं.

तेल काय सांगतं

टाकीवर थंड आणि गरम अशा दोन वेगळ्या खुणा असतात, त्यानुसार पातळी बघा. पातळी कमी असेल तर तेल भरून मोकळं होऊ नका. या व्यवस्थेत तेल जळत नाही, उडून जात नाही. कमी झालंय म्हणजे कुठेतरी गळतंय.

थोडं तेल पांढऱ्या कागदावर घ्या. लालसर किंवा हिरवट पण पारदर्शक असेल तर ठीक. काळपट आणि जळका वास म्हणजे जुनं झालंय. उन्हात धरल्यावर चकाकणारे कण दिसले तर पंप आतून झिजतोय. दुधाळ किंवा फेसाळ तेलात हवा मिसळली आहे.

तेलाच्या प्रकाराबाबत काटेकोर राहा. काही गाड्यांत ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं लाल तेल चालतं, काहींना वेगळं हायड्रॉलिक तेल लागतं, काही युरोपीय गाड्यांत हिरवं. ही एकमेकांत मिसळायची नसतात. नुसत्या रंगावरून ठरवू नका. टाकीच्या झाकणावर आणि मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. ब्रेक ऑइल तर चुकूनही टाकू नका. या व्यवस्थेतली रबर सील त्याने फुगून खराब होतात, आणि मग पंपापासून रॅकपर्यंत सगळंच उघडावं लागतं.

पट्टा

इंजिन बंद करून पट्टा पाहा. भेगा, तुटलेल्या कडा, काचेसारखी गुळगुळीत झालेली आतली बाजू, तेलाचे डाग, यांपैकी काही दिसलं तर बदला. हाताने ताणायचा पट्टा असेल तर सगळ्यात लांब भागावर अंगठ्याने जोरात दाबल्यावर साधारण १० मिलिमीटर खाली जायला हवा. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलचा धरा. स्टिअरिंग टोकापर्यंत नेल्यावर कर्कश किंचाळी येणं ही घसरणाऱ्या पट्ट्याची ओळख. पुष्कळ गाड्यांत हाच पट्टा अल्टरनेटर आणि पाण्याचा पंपही फिरवतो. स्टिअरिंग जड झालं त्याच वेळी बॅटरीचा दिवा लागला किंवा तापमानाचा काटा चढला, तर पट्टाच गेला असं समजून लगेच थांबा.

घूं-घूं आवाज आणि हवा

स्टिअरिंग फिरवताना वाढत जाणारा घूं-घूं आवाज आला की पंप गेला असं सर्रास सांगितलं जातं. बऱ्याच वेळा पंप नुसता तेलाविना तडफडत असतो. टाकीतून पंपाकडे जाणारा जाड पाइप ओढीखाली असतो, त्यात दाब नसतो. तो जुना होऊन कडक झाला किंवा त्याची क्लिप सैल झाली, तर बाहेर तेलाचा थेंब दिसत नाही, पण आत हवा ओढली जाते. म्हणूनच ही गळती सहज निसटते. त्या सांध्यावर बाहेरून जाडसर ग्रीस थापा (पट्ट्यापासून हात आणि कपडे लांब ठेवून) आणि इंजिन आयडलवर चालवा. आवाज कमी झाला, फेस विरला, तर सांधा हाच दोषी. पाइप आणि क्लिप बदलायची.

दुसरी जागा टाकीच्या तळाशी. तिथे बारीक जाळी असते, आणि जुन्या तेलाच्या गाळाने ती तुंबते. काही गाड्यांत जाळी निघत नाही, टाकीच बदलावी लागते. तरी पंपाच्या तुलनेत ते किरकोळ काम आहे.

टोकाला पूर्ण वळवल्यावर येणारा सूं असा आवाज मात्र दोष नाही. दाब कमाल मर्यादेला पोचला की रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो, त्याचा तो आवाज. तिथे स्टिअरिंग काही सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरू नका, तेल भराभर तापतं.

गळती शोधताना

तेलाने माखलेल्या इंजिनवर गळती शोधणं व्यर्थ आहे. आधी सगळं पुसून, धुऊन कोरडं करा. गाडीखाली पुठ्ठा पसरा, इंजिन चालू करून स्टिअरिंग काही वेळा फिरवा. मग ओला झालेला सगळ्यात वरचा बिंदू शोधा, कारण तेल तिथून खाली ओघळतं. पंपाच्या शाफ्टचं सील, उच्च दाबाच्या होजमध्ये रबर आणि धातूची नळी जिथे दाबून जोडलेली असते ती जागा, रॅकवरच्या नळ्यांचे सांधे, या नेहमीच्या जागा. चालू इंजिनवर होजभोवती हात फिरवून गळती चाचपू नका. बारीक छिद्रातून निघणारी धार कातडीत घुसू शकते. पुठ्ठ्याचा तुकडा जवळ धरून पाहा.

रॅकच्या दोन्ही टोकांचे रबर बूट दाबून बघा. आत तेल डचमळत असेल किंवा बारीक टोकाची क्लिप सोडल्यावर तेल बाहेर आलं, तर रॅकचं सील गेलंय. थोडं ग्रीस असणं साहजिक आहे, पातळ तेल नाही. बूट फाटका असेल तर रॅकच्या दांड्यावर गंज चढलाय का तेही पाहा. गंजलेल्या दांड्यावर नवं सील टिकत नाही, तिथे रॅकच बदलावा लागतो.

गळती थांबवणारी रसायनं टाकीत ओतायला माझा विरोध आहे. ती रबर फुगवून काही दिवस थेंब थांबवतात, पण झिजलेलं सील आणि फुटायला आलेला होज तसाच राहतो. आणि नंतर ते रसायन सगळ्या व्यवस्थेतून धुऊन काढावं लागतं.

पंप की रॅक?

इथपर्यंत सगळं ठीक निघालं, तरच या दोघांकडे वळायचं. निर्णय दाबमापकाने करायचा, अंदाजाने नाही. पंप आणि रॅक यांच्यामधल्या उच्च दाबाच्या मार्गात झडप असलेला मापक जोडतात. इंजिन आयडलवर ठेवून झडप बंद केली की पंपाचा कमाल दाब कळतो. बऱ्याच प्रवासी गाड्यांत तो ७० ते १०० बारच्या आसपास असतो. आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमधून घ्या. झडप ५ सेकंदांपेक्षा जास्त बंद ठेवायची नाही, नाहीतर चांगला पंपही जाईल. दाब पुरेसा चढला तर पंप निर्दोष. मग झडप उघडून स्टिअरिंग टोकाला न्या. तिथे दाब बराच कमी भरला तर तेल रॅकच्या आतच एका बाजूकडून दुसरीकडे निसटतंय. झडप बंद असतानाच दाब चढला नाही, तर पंप दोषी. हा मापक घरी नसतो. चाचणी गॅरेजमध्ये करून घ्या, पण ती केल्याशिवाय भाग बदलायला होकार देऊ नका.

सकाळी थंड असताना जड आणि गाडी तापल्यावर हलकं, हे लक्षण बहुतेक वेळा रॅकच्या व्हॉल्व्हकडे बोट दाखवतं. १९८०च्या दशकातल्या जनरल मोटर्सच्या फ्रंट-व्हील ड्राइव्ह गाड्या यासाठी प्रसिद्ध होत्या. व्हॉल्व्हवरच्या टेफ्लॉनच्या कड्या अॅल्युमिनियमच्या घरात चरे पाडायच्या आणि थंड असताना दाब तिथून निसटायचा.

स्टिअरिंग स्वतःहून ओढ घेत असेल तर पुढची चाकं उचलून, व्हीलच्या आऱ्यांत हात न घालता, इंजिन सुरू करा. चाकं आपोआप एका बाजूला फिरली तर व्हॉल्व्हचा मध्य सरकला आहे. अलाइनमेंट करून हा दोष जात नाही.

विजेवर चालणारं स्टिअरिंग

इथे पहिला संशय बॅटरीवर. पार्किंगमध्ये वळवताना मोटर बराच मोठा प्रवाह ओढते. इंजिन बंद असताना बॅटरी १२.४ ते १२.६ व्होल्ट, चालू असताना साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट दाखवायला हवी. त्यानंतर बॅटरीची टोकं, बॉडीची अर्थिंग तार आणि स्टिअरिंगचा मोठा फ्यूज पाहा. अर्थिंगवरचा गंज घासून काढल्यावर बरं झालेलं स्टिअरिंग दुर्मीळ नाही.

डॅशबोर्डवर स्टिअरिंगचा दिवा लागला असेल तर स्कॅनर लावा, पण तो चॅसीचे, म्हणजे 'सी'ने सुरू होणारे कोड वाचणारा हवा. साधे स्कॅनर फक्त इंजिनचे कोड दाखवतात आणि 'दोष नाही' म्हणून मोकळे होतात. खूप वेळ पुढे-मागे करून गाडी लावल्यावर स्टिअरिंग जड होत असेल आणि थोड्या वेळाने पूर्ववत होत असेल, तर मोटर तापल्यामुळे व्यवस्थेने स्वतःच मदत कमी केलेली असते. बॅटरी काढून लावल्यावर दिवा लागला, तर बऱ्याच गाड्यांत इंजिन चालू करून स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवल्यावर आणि थोडं सरळ चालवल्यावर तो जातो.

दुरुस्तीनंतर तेल भरणं आणि हवा काढणं

नवा पंप किंवा रॅक बसवला असेल तर जुनं तेल पूर्ण काढा. त्यातले धातूचे कण नव्या भागालाही घासतील. टाकीकडे परत येणारा पाइप सोडून बाटलीत घाला, टाकीचं ते तोंड बंद करा, आणि चाकं वर उचललेली ठेवून, इंजिन बंद असताना, स्टिअरिंग टोकापासून टोकापर्यंत फिरवत नवं तेल ओतत राहा. स्वच्छ तेल येऊ लागलं की पाइप परत जोडा.

मग खुणेपर्यंत तेल भरून, इंजिन बंदच ठेवून, स्टिअरिंग १५-२० वेळा सावकाश पूर्ण फिरवा. टाकीतले बुडबुडे थांबेपर्यंत हे चालू ठेवा आणि पातळी कधीही किमान खुणेखाली जाऊ देऊ नका. इंजिन लगेच सुरू केलं तर पंप हवेचा बारीक फेस करतो आणि तो निघायला फार वेळ लागतो. बुडबुडे थांबले की इंजिन सुरू करून पुन्हा हळूहळू फिरवा, टोकाला दाबून न धरता. फेस दिसला तर इंजिन बंद करून तासभर तसंच राहू द्या आणि मग पुन्हा करा.

गाडी खाली उतरवल्यावर थोडी चालवून आणा, गरम खुणेवर पातळी बघा आणि बदललेले सांधे कोरड्या फडक्याने पुसून ठेवा. दुसऱ्या दिवशी त्याच सांध्यांवरून कागद फिरवा. टाय रॉडची लांबी बदलली असेल किंवा रॅक काढला असेल, तर लांबचा प्रवास करण्याआधी चाकांचं अलाइनमेंट करून घ्या.